गोठ्यापासून घरापर्यंत : व्यसनमुक्तीच्या इतिहासात सोबती प्राण्याचे स्थान

प्रस्तावना

व्यसनमुक्तीच्या इतिहासाचे लेखन आजवर प्रामुख्याने कायदा, वैद्यक आणि चळवळ या तीन अंगांनी झालेले आहे. बेंजामिन रश यांनी १७८४ मध्ये मद्याच्या दुष्परिणामांवर लिहिलेली पुस्तिका, १८७९ चा ब्रिटिश मद्यासक्तविषयक कायदा आणि १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे उदयास आलेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही त्या इतिहासातील परिचित स्थानके होत. या लेखनात माणसाखेरीज दुसरा सजीव सहसा आढळत नाही. तथापि उपचारसंस्थांची जुनी वर्णने बारकाईने वाचू लागल्यास ससे, कोंबड्या, गायी, कुत्री अधूनमधून समोर येतात. प्रस्तुत लेखात ब्रिटन व अमेरिकेतील काही उदाहरणांच्या आधारे पुढील मुद्दा मांडावयाचा आहे : प्राण्याच्या केवळ सान्निध्याने व्यसनी व्यक्ती सावरल्याचा पुरावा दुर्बळ आहे. परंतु जेथे प्राणी त्या व्यक्तीवर अवलंबून राहिला आणि तिच्या रोजच्या जगण्याचा भाग झाला, तेथे त्याची मदत खरी ठरल्याचे दिसते.

यॉर्कचे ससे

या विषयावरील बहुतेक ग्रंथ इंग्लंडमधील यॉर्क रिट्रीटपासून आरंभ करतात. १७९० मध्ये हॅना मिल्स या क्वेकर पंथीय विधवेचा यॉर्कच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळात मृत्यू झाला. त्या घटनेने व्यथित होऊन विल्यम ट्यूक व त्यांच्या सहधर्मीयांनी ही संस्था उभारली व ती १७९६ मध्ये सुरू झाली. त्यांचे नातू सॅम्युअल ट्यूक यांनी १८१३ मध्ये संस्थेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. रुग्णांच्या अंगणांत ससे, समुद्रपक्षी, ससाणे व कोंबड्या ठेवल्या जात आणि त्यांच्या सहवासाने रुग्णांच्या मनात इतरांविषयीची सद्भावना जागी होत असे, असे त्यात नमूद आहे. साखळदंडांच्या काळात रुग्णाच्या हाती एक ससा विश्वासाने सोपविणे ही लहान गोष्ट नव्हती.

अर्थात येथे दोन बाबतींत सावध राहणे आवश्यक आहे. पहिली, हे रुग्ण मनोरुग्ण होते. मद्यासक्तीसाठी स्वतंत्र संस्था पुष्कळ नंतरच्या. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथील मद्यासक्तांचे रुग्णालय १८६४ मध्ये उघडले. त्यामुळे यॉर्कला व्यसनमुक्तीच्या प्राणिसाहाय्याचा थेट उगम मानणे इतिहासाच्या दृष्टीने सैल ठरते. दुसरी बाब म्हणजे मिशेल फुको यांनी १९६१ मधील आपल्या ग्रंथात रिट्रीटवर घेतलेला आक्षेप. त्यांच्या मते तेथे लोखंडी साखळीच्या जागी सदसद्विवेकाची अदृश्य साखळी आली. हा आक्षेप मान्य केला तरी अंगणातील ससा त्याच्या कक्षेत पुरता बसत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पर्यवेक्षक रुग्णावर लक्ष ठेवीत असे. सशावर लक्ष रुग्ण ठेवीत असे. नात्याची ही उलटलेली दिशा पुढे महत्त्वाची ठरणार होती.

लेक्झिंग्टनच्या गायी

व्यसनी व्यक्ती आणि प्राणी मोठ्या प्रमाणावर प्रथम एकत्र आले ते अमेरिकेतील केंटकी राज्यात. १९२९ च्या पोर्टर कायद्यानुसार अमली पदार्थांच्या व्यसनींसाठी दोन 'नार्कोटिक फार्म' स्थापन करण्याचे ठरले. त्यांपैकी पहिले लेक्झिंग्टनजवळ १९३५ मध्ये उघडले. दुसरे टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे १९३८ मध्ये सुरू झाले. लेक्झिंग्टन येथे सुमारे हजार एकर जमीन होती. शिक्षा झालेले कैदी आणि स्वेच्छेने दाखल झालेले रुग्ण एकाच आवारात राहत. शहरातील गल्ल्यांतून आलेली ही माणसे शेतात राबत, गायींच्या धारा काढीत, डुकरे व कोंबड्या सांभाळीत. मोकळी हवा, श्रम आणि नियमित दिनक्रम यांनी माणूस बरा होईल, हा त्या काळचा विश्वास होता व तो प्रामाणिक होता.

परिणाम मात्र निराशाजनक होता. हंट व ओडोरॉफ यांनी १९६२ मध्ये, लेक्झिंग्टनहून न्यूयॉर्क शहरात परतलेल्या १,९१२ व्यसनींचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक व्यक्ती पुन्हा व्यसनाकडे वळल्या होत्या, आणि त्याही बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत. १९७४ मध्ये हे रुग्णालय बंद होऊन तेथे तुरुंग आला.

या अपयशाची अनेक कारणे सांगितली जातात : जुन्या वस्तीत परत जाणे, बेकारी, परतल्यानंतरच्या देखभालीचा अभाव. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांत आणखी एक निरीक्षण जोडता येईल. लेक्झिंग्टनची गाय ही संस्थेची गाय होती. तिची धार आज एकाने काढली, उद्या दुसऱ्याने काढली तरी तिला किंवा दुग्धशाळेला फरक पडत नव्हता. सुटीचा कागद हाती पडला की गाय गोठ्यात राही आणि माणूस एकटा गाडीत बसे. ज्या सकाळी त्याला उठविण्यासाठी कोणीतरी हंबरणे आवश्यक होते, नेमक्या त्या सकाळी तो न्यूयॉर्कच्या भाड्याच्या खोलीत असे. आपल्याकडे दावणीच्या जनावराला नाव असते, घरधन्याची हाक ते ओळखते. येथे तसे नाते जुळण्यास वावच नव्हता.

याच आवारात आणखी एका प्रकारचे प्राणी होते, हे नोंदविल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. तेथील व्यसन संशोधन केंद्रात कुत्र्यांवर मॉर्फीनवर्गीय द्रव्यांचे प्रयोग होत. स्वयंसेवक म्हणविल्या जाणाऱ्या कैद्यांवरही होत. गोठ्यात प्राण्याकडून माणूस सुधारण्याची अपेक्षा आणि प्रयोगशाळेत प्राण्याला माणसाच्या व्यसनात ओढणे, या दोन्ही गोष्टी एकाच कुंपणाआड चालल्या.

सोबतीचा सिद्धान्त

प्राण्याकडे श्रमाचे साधन म्हणून न पाहता नाते म्हणून पाहण्याची दृष्टी वैद्यकीय लेखनात हळूहळू रुजली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या ग्रंथात दीर्घकालीन रुग्णांना लहान पाळीव प्राण्याची सोबत उपकारक ठरते, असे नमूद केले होते. परंतु त्याला उपचारपद्धतीचे रूप देण्याचा प्रयत्न झाला तो बोरिस लेव्हिन्सन यांच्या १९६२ मधील लेखापासून. जिंगल्स या आपल्या कुत्र्याच्या उपस्थितीत एक अबोल मुलगा मोकळा होऊ लागल्याचा अनुभव त्यांनी मांडला होता. १९८० मध्ये एरिका फ्रीडमन व सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी ३, तर न पाळणाऱ्या ३९ जणांपैकी ११ दगावले होते. नमुना लहान होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. व्यसनोपचारातील नोंद बरीच उशिरा येते. २००९ मध्ये वेस्ली, मिनाट्रिया व वॉटसन यांनी २३१ रुग्णांच्या अभ्यासात, गटोपचाराच्या वेळी प्रशिक्षित कुत्रा उपस्थित असल्यास रुग्ण व उपचारक यांच्यातील विश्वासाचे नाते अधिक दृढ होते, असे दाखविले. त्यांनी व्यसन सुटल्याचा दावा केलेला नाही. मोजले ते नाते.

या साऱ्याचा अर्थ लावण्यासाठी जॉर्ज व्हेलंट यांचे लेखन विशेष उपयुक्त वाटते. व्हेलंट यांनी लेक्झिंग्टनच्याच रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला होता. पुढे १९८३ मधील मद्यासक्तीवरील ग्रंथात त्यांनी व्यसनातून टिकाऊपणे बाहेर पडलेल्यांच्या आयुष्यात आढळणारे चार घटक सांगितले : बाहेरून असणारी सक्तीची देखरेख, व्यसनाची जागा घेणारे दुसरे काही, नवे प्रेमाचे नाते आणि आशा देणारा समूह वा श्रद्धा. व्हेलंट यांनी तेथे प्राण्यांचा विचार केलेला नाही. तरीही घरातील कुत्र्याकडे या दृष्टीने पाहिल्यास पहिले तीन घटक एकाच प्राण्यात काही अंशी एकत्र आलेले दिसतात. सकाळी ठरल्या वेळी बाहेर नेण्याचा त्याचा हट्ट ही देखरेखच. मराठी भाषेने ही गोष्ट आधीच ओळखली असावी. व्यसनही 'लागते' आणि लळाही 'लागतो'. चौथा घटक मात्र प्राणी देऊ शकत नाही. तेथे माणसेच लागतात.

टॉटनहॅमचे मांजर

या नात्याचे सर्वांत सुपरिचित उदाहरण लंडनमधील आहे. २००७ च्या वसंतात टॉटनहॅममधील साहाय्यित निवासात राहणाऱ्या जेम्स बोवेन यांना इमारतीत एक जखमी तांबूस बोका आढळला. बोवेन हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी मेथाडोन घेत होते व रस्त्यावर गिटार वाजवून गुजराण करीत होते. त्यांनी बोक्याला प्राणिरक्षक संस्थेच्या दवाखान्यात नेले, जवळचे तुटपुंजे पैसे औषधावर खर्च केले आणि त्याची जखम बरी होईपर्यंत शुश्रूषा केली. पुढे 'बॉब' या नावाने प्रसिद्ध झालेला हा बोका त्यांच्याबरोबर बसने कॉव्हेंट गार्डनला जाऊ लागला. बोवेन यांचे पुस्तक २०१२ मध्ये आले, त्यावरील चित्रपट २०१६ मध्ये. बॉबचा मृत्यू २०२० मध्ये झाला.

लोकप्रिय कथनात 'मांजराने माणसाला वाचविले' एवढेच उरले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने घटनांचा क्रम पाहावयास हवा. बॉब येण्यापूर्वी बोवेन यांना निवारा मिळाला होता, मेथाडोनचा उपचार सुरू झाला होता. बॉबने उपचाराची जागा घेतली नाही. उपचार पुढे नेण्याचे, मेथाडोनही सोडण्याचे कारण त्याने पुरविले. आणि लेक्झिंग्टनच्या गायीहून तो वेगळा ठरतो तो येथे : उपचारकेंद्राचा किंवा औषधाच्या दुकानाचा दरवाजा मागे पडल्यावरही बॉब खांद्यावर होता, संध्याकाळी त्याला खाऊ घालणारे दुसरे कोणी नव्हते.

दुसरी बाजूही आहे. व्यसनी व्यक्ती पुन्हा घसरली तर उपाशी राहणारा जीव तोच. प्राण्याच्या मृत्यूनंतरचा काळही सावरणाऱ्या माणसासाठी कसोटीचा असतो. म्हणून केवळ मानसिक लाभापोटी कोणाच्या हाती प्राणी सोपविणे प्राण्यावर अन्याय करणारे ठरू शकते. याउलट ज्याच्याजवळ आधीच कुत्रा आहे, अशा बेघर व्यसनीपुढे वेगळाच पेच असतो : निवासी केंद्रात कुत्र्याला प्रवेश नसेल तर तो उपचारच नाकारतो. ब्रिटनमधील नॅशनल कॅनाइन डिफेन्स लीगने (२००३ पासून डॉग्ज ट्रस्ट) १९९४ पासून बेघरांच्या कुत्र्यांसाठी पशुवैद्यकीय मदत आणि निवाऱ्यांत त्यांना प्रवेश मिळवून देण्याचे काम हाती घेतले, ते याच अनुभवातून. दाखल होणाऱ्या रुग्णाला त्याचे व्यसन, वय, नातेवाईक यांविषयी प्रश्न विचारले जातात. घरी एखादे जनावर वाट पाहत आहे काय, हा प्रश्न त्या नमुन्यात कोठे बसवावयाचा, ते संस्था आता शिकत आहेत.