गोमंतकीयांचे पोर्तुगीज नागरिकत्व : एका जन्मनोंदीचा इतिहास

वंशाच्या आधारे परदेशाच्या नागरिकत्वावर हक्क सांगण्याचे जे प्रकार जगात आढळतात, त्यांत गोमंतकाचे उदाहरण वेगळे आहे. इटली वा आयर्लंडमधून अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज पूर्वजांनी सोडलेल्या देशाकडे वळतात. गोमंतकीय मनुष्य मात्र ज्या देशात त्याच्या आजोबांनी बहुधा पाऊलही टाकले नव्हते, त्या पोर्तुगालचे नागरिकत्व मागतो. त्याचा आधार रक्तसंबंध नव्हे, तर आजोबा ज्या राज्यात जन्मले त्या राज्याचा कायदा होय.

अंगोला, मोझांबिक व गिनी येथील बहुसंख्य आफ्रिकी प्रजेला पोर्तुगालने 'देशी' या निराळ्या वर्गात टाकून नागरिकत्वापासून दूर ठेवले होते. गोमंतकात हा भेद लागू नव्हता. १८२२ च्या संविधानापासून येथून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी निवडले जाऊ लागले. १९१० च्या प्रजासत्ताकानंतर हिंदूंवरील धर्माधिष्ठित निर्बंध दूर झाले आणि चर्चच्या बाप्तिस्मा-वह्यांहून स्वतंत्र अशी नागरी जन्मनोंदणी रूढ झाली. अर्थात हे नागरिकत्व कागदावरच अधिक होते. १८ जून १९४६ रोजी मडगावच्या सभेत डॉ. राममनोहर लोहिया यांना अटक झाली, ती या 'नागरिकां'ना सभास्वातंत्र्यही नव्हते म्हणूनच.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. पुढे १९६२ च्या नागरिकत्व-आदेशान्वये, २० डिसेंबर १९६१ पूर्वी जी व्यक्ती, जिचे माता-पिता वा आजी-आजोबांपैकी कोणीही गोवा, दमण व दीव येथे जन्मले होते, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली. ज्यांना पूर्वीचे नागरिकत्व राखावयाचे होते, त्यांना लेखी निवेदनासाठी एक महिना मिळाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, भारताने या लोकांना आपले मानताना आजोबांच्याच जन्मस्थानाचा आधार घेतला.

सालाझारच्या राजवटीने हा बदल मानला नाही. १९७४ च्या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर रोजी झालेल्या तहाने पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, आणि तेही पूर्वलक्षी प्रभावाने. परंतु भूमीविषयी जे मान्य झाले, ते माणसांविषयी तसेच लागू झाले नाही. १९७५ च्या वटहुकुमाने वसाहतींतील असंख्य लोकांचे नागरिकत्व संपविले. पूर्वीच्या 'भारत-राज्यात' जन्मलेल्यांना मात्र निवेदन करून ते राखण्याची मुभा दिली. १९८१ च्या कायद्यानुसार अशा व्यक्तीचे परदेशात जन्मलेले अपत्यही नोंदणी करून नागरिक ठरते. म्हणून वडिलांची नोंद प्रथम लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवावी लागते, मग मुलाची. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यावर या जुन्या नोंदीला अनपेक्षित मोल आले. लंडनला जाण्यासाठी लिस्बनचा कागद, ही सोय ब्रिटन संघातून बाहेर पडेपर्यंत चालली.

खरा पेच भारतीय कायद्यात आहे. संविधान व १९५५ चा अधिनियम दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीत. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीयत्व संपते. परकीय पारपत्र हा त्याचा निर्णायक पुरावा होय, असे १९५६ च्या नियमांनी ठरविले व सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो नियम उचलून धरला. पण ज्याने पारपत्र न घेता केवळ जन्माची नोंद लिस्बनला उतरविली, त्याने नवे काही संपादन केले की जुनेच सिद्ध केले? पोर्तुगीज दृष्टीने ती नोंद मुळातल्या नागरिकत्वाचा दाखला. भारतीय दृष्टीने ते नागरिकत्व १९६१ मध्येच लोपले असेल, तर नोंद हे नवे संपादन ठरते. गावच्या निवडणुकीत उमेदवाराच्या पात्रतेवर हा वाद उपस्थित होतो, तेव्हा त्याचे स्वरूप पांडित्यापुरते राहत नाही.

पारपत्र घेतलेल्याला मतदानाचा व शेतजमीन खरेदी करण्याचा हक्क उरत नाही. आपल्याच गावी निर्वेधपणे राहण्यासाठी त्याला भारताच्या परदेशस्थ नागरिकाची नोंदणी करून घ्यावी लागते. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात समाविष्ट झालेल्या प्रदेशातील व्यक्ती, तिची मुले व नातवंडे या नोंदणीस पात्र आहेत. तेव्हा त्या कार्यालयातही पुन्हा आजोबांचाच जन्मदाखला पुढे करावा लागतो.