कलप, वेफर्स आणि ब्रूस एम्स

या मेळाव्याला येण्याआधी आपल्यापैकी किती जणांनी केसांना कलप लावला, हा प्रश्न मी विचारणार नाही. माझे स्वतःचे उत्तर मला आरशात रोज दिसते. पण कलपाच्या बाटलीशी नाव जोडले गेलेल्या एका जीवरसायनशास्त्रज्ञाची गोष्ट या स्मरणिकेत सांगावीशी वाटते.

ब्रूस एम्स यांचा जन्म १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील शाळेत रसायनशास्त्र शिकवत. १९५३ मध्ये डॉक्टरेट मिळवून एम्स अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रुजू झाले. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल जिवाणू कसे तयार करतात, हा त्यांचा विषय. कर्करोगाशी त्याचा संबंध आहे असे कोणालाही वाटले नसते. १९६४ च्या सुमारास बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचताना त्यांच्या मनात शंका आली : ही रसायने आपल्या जनुकांना इजा तर करत नसतील? उंदरांवर ते तपासायचे तर दोन-तीन वर्षे आणि भरपूर पैसा लागे.

त्यांनी आपलेच जिवाणू कामाला लावले. साल्मोनेलाचे असे वाण घेतले, की ज्याला हिस्टिडिन बनवताच येत नाही. हिस्टिडिन जेमतेम असलेल्या बशीत ते वाढत नाही. पण त्यात घातलेल्या रसायनाने जनुकांत बदल घडवले, तर काही जिवाणूंचा मूळ बिघाड योगायोगाने दुरुस्त होतो. ते वाढतात आणि दोन दिवसांत बशीवर ठिपके उमटतात. हे ठिपके मोजायचे. काही रसायने यकृतात गेल्यावरच घातक बनतात, म्हणून उंदराच्या यकृताचा अर्कही मिसळायचा. या चाचणीचे पेटंट त्यांनी घेतले नाही. मागेल त्या प्रयोगशाळेला जिवाणू पाठवले. आज आपल्या देशातही नव्या औषधाला ही परीक्षा द्यावी लागते.

१९७५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने बाजारातले १६९ कलप तपासले. १५० कलपांनी जिवाणूंची जनुके बदलली. १९७७ मध्ये एम्स आणि गिर्यारोहक-रसायनशास्त्रज्ञ आर्लीन ब्लम यांनी लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतल्या 'ट्रिस' या अग्निरोधक रसायनाबद्दल इशारा दिला. त्याच वर्षी अमेरिकेत अशा कपड्यांवर बंदी आली. एम्स पर्यावरणवाद्यांचे नायक झाले.

पुढे मात्र त्यांच्याच चाचणीने त्यांना अडचणीत टाकले. कारखान्यातल्या रसायनांप्रमाणेच भाज्या, मसाले, कॉफी यांतली नैसर्गिक द्रव्येही जनुके बदलत होती. किडीपासून बचावासाठी वनस्पती स्वतःच कीटकनाशके बनवतात. उंदरांना प्रचंड मात्रा दिली, तर तपासलेल्या रसायनांपैकी सुमारे निम्मी कर्करोगकारक ठरतात, मग ती निसर्गातली असोत वा माणसाने बनवलेली. मग अन्नातल्या कीटकनाशकांच्या अंशाला घाबरण्यापेक्षा तंबाखू सोडा, फळे-भाज्या खा, असे एम्स सांगू लागले. कालचे चाहते नाराज झाले. ब्लम यांचा मार्ग वेगळा राहिला; सोफ्यांतली अग्निरोधक रसायने हटवण्यासाठी त्या पुढेही लढत राहिल्या.

बाहेरच्या विषांकडून एम्स आता पेशीच्या आत वळले. शाळेत 'पेशीचे ऊर्जाघर' म्हणून पाठ केलेली तंतुकणिका ऊर्जा बनवतानाच घातक ऑक्सिडीकारक द्रव्येही तयार करते. त्यांनी होणारे नुकसान साचत जाते आणि पेशी म्हातारी होते, या विचारावर त्यांनी अनेक वर्षे काम केले. २००६ मध्ये, सत्तरी उलटून गेल्यावर, त्यांनी नवी कल्पना मांडली : जीवनसत्त्वे व खनिजे कमी पडली की शरीर ती आजच्या जगण्यासाठी राखून ठेवते आणि दूरची दुरुस्ती पुढे ढकलते. टंचाईत आधी शिधा भरायचा, कौले पुढच्या वर्षी, तसे. २०२४ मध्ये, ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता कलपाचे काय? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या मते, घरी वापरणाऱ्यांबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. मात्र रोज दुसऱ्यांचे केस रंगवणाऱ्या कारागिरांना होणारा संपर्क बहुधा कर्करोगकारक आहे. मात्रा किती आणि ती कोणाच्या वाट्याला येते, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. म्हणून पुढच्या वेळी सलूनमध्ये बसाल, तेव्हा कलप लावणाऱ्याच्या हातांत हातमोजे आहेत ना, एवढे जरूर बघा.