पाहुण्यांचे भाषण संपल्यानंतर

तालुक्याच्या कोणत्याही गावी आपण गेलो, तर वेशीजवळ किंवा एस. टी. स्टँडच्या कोपऱ्यावर दोन फलक बहुधा दिसतात. एकावर दातेरी चाक असते, तर दुसऱ्यावर पाठीला पाठ लावलेली दोन सिंहांची मुखे. पहिला फलक रोटरी क्लबचा व दुसरा लायन्स क्लबचा. नेत्रशिबिर, रक्तदान, वह्यांचे वाटप, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार अशा बातम्यांतून ही नावे आपल्या कानांवर पडत असतात. या मंडळींविषयी आपल्यापैकी पुष्कळांचा एक समज असतो. सुस्थितीतील माणसे एकत्र जमतात, जेवतात, एखाद्या पाहुण्याचे भाषण ऐकतात, फोटो काढतात आणि घरी जातात, असा तो समज.

हा समज अगदीच खोटा आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तोच आरोप आपल्या स्वतःच्या समारंभांवरही करता येईल. दीपप्रज्वलन असो वा किरअत, पुढचा क्रम ठरलेला असतो: प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पुष्पगुच्छ, भाषण, आभार आणि चहापान. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की त्या भाषणाचे काय उरते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. या सेवाभावी क्लबांच्या इतिहासात ह्या प्रश्नाचे उत्तर सापडते, म्हणून तो इतिहास पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखा आहे.

चार माणसांची बैठक

रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस हे अमेरिकेतील शिकागो शहराचे वकील. त्यांचे बालपण व्हरमाँट राज्यातील वॉलिंगफर्ड या लहानशा गावी आजी-आजोबांजवळ गेले. १८९६ साली त्यांनी शिकागोत वकिली सुरू केली. अशिलांची ओळख झाली, व्यापाऱ्यांची ओळख झाली, पण गावाकडे असते तशी जिवाभावाची सोबत त्या अफाट शहरात त्यांना मिळेना. सुटीचा दिवस तर खायला उठे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी संध्याकाळी युनिटी बिल्डिंगमधील ७११ क्रमांकाच्या खोलीत चौघे जण जमले. स्वतः हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाणींचे इंजिनियर गुस्ताव्हस लोअर आणि कपडे शिवून देण्याचा व्यवसाय करणारे हायरम शोरी. बैठक आळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरवावयाची असे ठरले. ही फिरती बैठक म्हणूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. एका व्यवसायाचा एकच सभासद घ्यावयाचा, हाही नियम त्या वेळचाच. त्यामुळे एकाच टेबलाभोवती वकील, डॉक्टर, शिंपी, छापखानेवाला असे निरनिराळ्या धंद्यांतील लोक येऊन बसत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आरंभी या क्लबात सेवेचे नावही नव्हते. मैत्री जोडावी आणि एकमेकांच्या धंद्याला हातभार लावावा, एवढाच हेतू होता. १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या एका वकिलास सभासद होण्याविषयी विचारण्यात आले, तेव्हा त्याने नकार दिला. जी संस्था फक्त आपल्या सभासदांचा फायदा पाहते तिला भवितव्य नाही, तिने शहरासाठीही काही केले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. त्या लोकांनी त्याचा राग धरला नाही. उलट त्याला आत बोलावले आणि त्याच्या विचाराला जागा दिली. बाहेरच्या माणसाने ऐकविलेला कडू शब्द गोड मानून घेणे, हा त्या क्लबाचा पहिला सद्गुण म्हटला तर वावगे ठरू नये.

त्यानंतर १९०७ साली त्यांनी हाती घेतलेले पहिले मोठे सार्वजनिक काम कोणते, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. ते काम सार्वजनिक शौचालयाचे होते! बाजारासाठी लांबून येणाऱ्या स्त्री-पुरुषांची शहरात मोठी कुचंबणा होई. मद्यालये आणि मोठी दुकाने यांच्या बाजूने या कामास विरोध झाला. आमच्याकडे सोय आहेच, असे त्यांचे म्हणणे. पण ती सोय गिऱ्हाइकासाठी होती. खिशात पैसा नसलेल्या माणसाने कोठे जावे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. क्लबाने इतर संस्थांना बरोबर घेऊन शहराच्या कारभाऱ्यांकडे चिकाटीने पाठपुरावा केला आणि अखेर काम तडीस नेले. सेवेचा आरंभ गरजेपासून होतो आणि ती गरज कित्येकदा मंचावर उच्चारावयास संकोच वाटेल इतकी साधी असते, हा त्यातील बोध.

एका पाहुणीचे भाषण

लायन्स क्लबांची संघटना १९१७ साली शिकागोतच मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने उभी राहिली. ३० जून १९२५ रोजी ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथे त्यांचे अधिवेशन भरले होते. पाहुण्या होत्या हेलन केलर. एकोणीस महिन्यांच्या असताना आजारपणात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली होती. तरीही शिक्षिका ॲन सुलिव्हन यांच्या मदतीने त्या शिकल्या, १९०४ साली पदवीधर झाल्या आणि पुढे जगभर बोलत फिरल्या.

त्या दिवशी त्यांनी जमलेल्या लोकांची स्तुती केली नाही. अंधत्व टाळता येण्यासारखे असताना कोणीही आंधळे होऊ नये, अंध मुलाला शिक्षण मिळावे आणि अंध माणसाला आधार मिळावा, यासाठी तुम्ही झटा, असे मागणे त्यांनी मांडले. हे मागणे नेमके होते आणि श्रोत्यांच्या आवाक्यातले होते. लायन्सनी ते काम आपले मानले. १९३० साली इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील लायन्स क्लबाने अंधांच्या हातातील पांढऱ्या काठीचा प्रसार सुरू केला. ही काठी पाहून वाहनचालकाने थांबावे, हा तिचा हेतू. भारतात लायन्स चळवळ १९५६ मध्ये मुंबईत सुरू झाली. आपल्या जिल्ह्यांत मोतीबिंदूची जी शिबिरे लायन्सच्या नावाने भरत आली, त्यांचा धागा मागे नेला तर तो एका अंध पाहुणीच्या त्या भाषणापर्यंत जातो. एका भाषणाने एवढे होऊ शकते. मात्र त्यासाठी बोलणाऱ्याकडे सांगण्यासारखे आणि ऐकणाऱ्याकडे उचलण्यासारखे काहीतरी असावे लागते.

भारतात रोटरी आणि पोलिओ

भारतातील पहिल्या रोटरी क्लबाची बैठक कलकत्त्यास १९१९ मध्ये झाली. मुंबईचा क्लब १९२९ चा. आरंभी या क्लबांत युरोपियन व्यापारी आणि अधिकारी यांचाच भरणा अधिक असे. हळूहळू हिंदी सभासद वाढले आणि १९६२ साली कलकत्त्याचे नितीश लाहरी हे साऱ्या जगातील रोटरीचे अध्यक्ष झाले.

पोलिओ हा रोग मुख्यतः लहान मुलांना होतो. त्याचा विषाणू दूषित पाण्यावाटे, घाणीवाटे तोंडातून शरीरात शिरतो आणि काही मुलांचे हातपाय कायमचे लुळे करतो. एकदा झाला की त्यावर औषध नाही, उपाय फक्त लशीचा. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपीन्समधील सुमारे ६० लाख बालकांना लस देण्याचे काम हाती घेतले. १९८५ साली ‘पोलिओ प्लस’ या नावाने जगभरची मोहीम जाहीर झाली. १२ कोटी डॉलर जमविण्याचे ठरले होते, पण १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख डॉलर जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओच्या उच्चाटनाचा ठराव केला. त्या वेळी १२५ देशांत मिळून दरवर्षी सुमारे साडेतीन लाख मुले या रोगाने जायबंदी होत होती.

भारतात १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. लस सरकारची, कर्मचारी सरकारी, तांत्रिक मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेचे. क्लबांच्या वाट्याला बूथ उभारणे, मंडप, फलक, प्रभातफेरी, स्वयंसेवकांचे जेवणखाण, मुलांसाठी शिट्ट्या व टोप्या अशी कामे आली. बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन स्वयंसेवक दारोदार जात. थेंब पाजलेल्या बालकाच्या डाव्या करंगळीवर शाई लावीत आणि घराच्या भिंतीवर खडूने खूण करीत. आजच्या पालकांपैकी कित्येकांच्या करंगळीवर ती शाई लागली असेल.

बंद दारे आणि उघडे कान

यानंतरचा भाग आपल्या समाजाने विशेष लक्षपूर्वक वाचावा. २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण सापडले. त्यांपैकी १२०० हून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते आणि त्यांत मुस्लिम बालकांचे प्रमाण फार मोठे होते. काही वस्त्यांत स्वयंसेवकांना पाहताच दारे लागत. थेंबांमुळे मुलांना पुढे संतती होत नाही, अशी अफवा पसरली होती. बाहेरून पाहणाऱ्यांनी चटकन निकाल दिला की हे लोक अडाणी आहेत.

परंतु दाराआड काय होते? आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ मध्ये, नसबंदीसाठी झालेल्या जबरदस्तीच्या आठवणी होत्या. ज्या वस्तीत गटार नाही, दवाखाना नाही, साध्या तापाचे औषध मिळत नाही, तेथे सरकार केवळ ह्याच थेंबांसाठी पुन्हा पुन्हा का येते, हा संशय होता. हा प्रश्न विचारणारी आई अडाणी नव्हती. ती आपल्या लेकराची काळजी करीत होती. शिवाय नकार हेच एकमेव कारण नव्हते. दाट वस्ती आणि उघडी गटारे यांमुळे काही मुलांना अनेकदा डोस देऊनही रोग गाठत असे.

फलक आणि शिट्ट्यांनी हे दार उघडणार नव्हते. मग पद्धत बदलली. युनिसेफच्या देखरेखीखाली त्याच मोहल्ल्यातील स्त्रिया कार्यकर्त्या म्हणून नेमण्यात आल्या. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या संस्थांनी आपले अध्यापक आणि विद्यार्थी कामास दिले. रोटरीने उत्तर प्रदेशात उलेमांची समिती स्थापन केली. मौलवी साहेबांना बैठकीत बोलावून त्यांच्या शंका ऐकल्या गेल्या, डॉक्टरांनी त्यांना उत्तरे दिली. नंतर मशिदींतून थेंब पाजण्याविषयी पुकारा होऊ लागला. इतर आजारांसाठी आरोग्य शिबिरे भरली, स्वच्छता आणि जुलाबावरील उपायही सांगितले जाऊ लागले. २०१० मध्ये अधिक परिणामकारक अशी नवी लसही आली. २००९ साली देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये अवघा एक. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदला गेलेला हा रुग्ण देशातील शेवटचा ठरला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

या यशाचे श्रेय कोणा एकाचे नव्हे. पण एक गोष्ट निश्चित की पाहुणा वक्ता कोणास म्हणावे, याची व्याख्याच येथे बदलली. पूर्वी पाहुणा म्हणजे मंचावरचा मोठा माणूस. आता मोहल्ल्यातील मौलवी, शिक्षक आणि दारात उभी असलेली आई यांचे म्हणणे ऐकण्यासाठी मंचावरची माणसे खाली उतरली.

येथे आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावयास हवी. ज्या क्लबांनी हे काम हाती घेतले त्यांची दारे दीर्घकाळ स्त्रियांना बंद होती. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभर स्त्रियांना सभासदत्व खुले केले. पुढे उत्तर प्रदेशातील घरांची दारे उघडली ती मुख्यतः स्त्रियांनीच. मुलीच्या शिक्षणावर होणारा खर्च जड वाटणाऱ्या पालकांनी या घटनेचा अवश्य विचार करावा.

आपण काय घ्यावे?

विद्यार्थी मित्रांनो, हे काम केवळ धनवंतांचे आहे असे समजू नका. शाळकरी मुलांचे लिओ क्लब १९५७ पासून आणि इंटरॅक्ट क्लब १९६२ पासून चालत आले आहेत. नाव कोणतेही असो किंवा नसोही. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी बसावे. पाहुणे म्हणून कधी डॉक्टर बोलवावेत, तर कधी पोस्टमन, परिचारिका, वायरमन किंवा गवंडीकाम करणारे चाचाही बोलवावेत. भाषण अर्ध्या तासात आटोपावे आणि तेवढाच वेळ प्रश्नांना द्यावा. एकाने टिपण ठेवावे. उठण्यापूर्वी ऐकलेल्यातून करता येईल असे एक काम ठरवावे आणि पुढच्या बैठकीचा आरंभ त्या कामाच्या हिशेबाने करावा.

पालकांनीही अशा बैठकीत मागच्या बाकावर येऊन बसावे आणि आपले प्रश्न निःसंकोच मांडावेत. शंका विचारणाऱ्याला गप्प करणारी सभा फार तर टाळ्या मिळवील. शिकागोच्या त्या क्लबाला नकार देणाऱ्या वकिलाने सुधारले आणि पोलिओच्या मोहिमेला दार लावून घेणाऱ्या आईने सुधारले. आपल्या संस्थेच्या सभागृहात यापुढे जेव्हा पाहुण्यांचे भाषण संपेल, तेव्हा चहाकडे वळण्यापूर्वी आपल्यापैकी एकाने तरी उभे राहून विचारावे, “आता आपण काय करावयाचे?”