समुद्रापासून दूर समुद्राचे पाणी

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, तेव्हा त्यातले खारे पाणी किनाऱ्यावरून आणावे लागे. ही यातायात टाळण्यासाठी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने समुद्राचे पाणी घरी तयार करण्याची कृती १८५४ च्या सुमारास प्रसिद्ध केली. इंग्लिश खाडीच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण तोपर्यंत झालेले होते. त्याच्या आधारे त्याने खाण्याचे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड गोड्या पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळले. समुद्रापासून लांबच्या गावात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवता येते, ही कल्पना या कृतीपासून रुजली. पुढे १८६९ मध्ये उघडलेल्या बर्लिनच्या मत्स्यालयात ओटो हर्मेस या रसायनतज्ज्ञाने कृत्रिम समुद्रजल मोठ्या प्रमाणावर वापरले.

पाणी बनवता आले, तरी ते टिकवणे वेगळे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि लहान टाकीत तो लवकर साचतो. विल्यम आल्फर्ड लॉइड याने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयात १८७१ मध्ये त्यावर तोड काढली. प्रेक्षकांसमोरच्या टाक्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी त्याने जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात ठेवले आणि पंपाने ते सतत फिरते राखले. आज हौशी लोक टाकी वाढवताना तिच्याखाली दुसरी टाकी बसवतात. तिला ते ‘संप’ म्हणतात, आणि तिच्यामागचे तत्त्व लॉइडचेच आहे.

भारतातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय १९०९ मध्ये मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर उघडले. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५१ मध्ये झाले. सुमारे आठ लाखांच्या खर्चापैकी दोन लाख रुपये तारापोरवाला यांच्या देणगीतून आले होते, म्हणून त्यांचे नाव इमारतीला दिले गेले. दोन्ही मत्स्यालये समुद्राच्या अगदी काठावर उभी राहिली. मराठवाड्यातून मुंबई पाहायला गेलेल्या कित्येकांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो चर्नी रोडजवळच्या याच इमारतीत. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये तिथे ॲक्रिलिकचा बारा फुटी बोगदा आला. करोनाकाळात मत्स्यालय बंद पडले आणि जुन्या इमारतीच्या अवस्थेमुळे त्यानंतरही ते बंदच राहिले. एवढ्या जिव्हाळ्याच्या सार्वजनिक जागेचे दार असे बंद राहणे ही खरी हानी आहे.

मासे जगू लागले तरी प्रवाळ मात्र बराच काळ टाकीत मरत राहिले. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात. त्यांना भरपूर उजेड लागतो, आणि सांगाडा बांधायला प्रवाळाला सतत कॅल्शियम लागते. जाकार्ताच्या ली चिन एंग याने १९६१ मध्ये आपली साधी पद्धत जगापुढे मांडली. समुद्रातून आणलेले, जिवाणू आणि लहान जीव अंगावर असलेले खडक टाकीत ठेवायचे आणि हवेच्या बुडबुड्यांनी पाणी हलवायचे. अमोनियाचा निकाल ते खडकच लावत. पीटर विल्केन्स याने १९७० च्या दशकात कॅल्शियमचा प्रश्न चुन्याच्या निवळीने सोडवला. वरून आटलेल्या पाण्याची भरपाई तो या निवळीने करी. पान खाणाऱ्या घरात जी वस्तू कायम असते, तिच्यातून प्रवाळाचा सांगाडा वाढावा, हे या इतिहासातले फार सुंदर वळण आहे. जर्मनीत रुळलेले फेस काढणारे यंत्र, म्हणजे प्रोटीन स्किमर, पाण्यातली सेंद्रिय घाण कुजण्याआधीच बाहेर काढू लागले. अमेरिकेत जॉर्ज स्मिट यांच्या १९८६ मधील लेखांनी घरगुती प्रवाळ-टाकीचे वेड पसरवले.

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीसारख्या गावात टाकी वाढवण्याचा आराखडा करायचा, तर हा सगळा इतिहास कामाला येतो. बिलोली अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हींपासून चारशे किलोमीटरहून दूर आहे. म्हणजे गॉसचाच मार्ग उरतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने दोनशे लिटर पाण्याला सात किलो समुद्री क्षार लागतात, आणि दर खेपेला दहा टक्के पाणी बदलले तर सातशे ग्रॅम. बोअरचे जड पाणी थेट वापरण्याजोगे नसते, ते आरओ यंत्रातून गाळून घ्यावे लागते. तालुक्यातून वाहणाऱ्या मांजरेची वाळू बांधकामाला नावाजलेली असली, तरी ती मुख्यतः सिलिकाची. प्रवाळाच्या वाळूप्रमाणे ती पाण्याला चुना पुरवत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, तर प्रवाळाला साधारण २४ ते २७ अंश मानवतात. म्हणून मोठ्या टाकीच्या खर्चात पाणी थंड करणारे चिलर आणि वीज गेल्यावर पंप चालवणारी बॅटरी आधी धरावी लागते, काच नंतर. आटते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची.

टाकीत काय ठेवायचे, हा प्रश्न भारतात कायद्याने बांधलेला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. आपल्या समुद्रातून हे जीव काढणे किंवा विकणे गुन्हा आहे, आणि प्रवाळाच्या मेलेल्या सांगाड्यालाही तोच कायदा लागू होतो. त्यामुळे ली चिन एंगचा समुद्री खडक इथे चालत नाही. त्याच्या जागी भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड ठेवतात, आणि त्यांवर जिवाणू बसायला काही आठवडे देऊनच मासे सोडतात. महाराष्ट्राचे स्वतःचे प्रवाळ मालवणच्या किनाऱ्यालगत, १९८७ मध्ये घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या परिसरात आहेत. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवरही ते आहेत.