परळची रुग्णालये आणि एक दुर्मीळ बालविकार : ऐतिहासिक दृष्टिक्षेप

गिरणगावातील परळ येथे १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय आणि १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. तेव्हा साथीचे रोग व बालमृत्यू ही प्रमुख आव्हाने होती. प्रथम स्नायू दुर्बल करणाऱ्या व पुढे अपस्माराचे झटके आणणाऱ्या एका आनुवंशिक बालविकाराला तर नावही नव्हते. त्याचे मूळ ‘एएसएएच१’ जनुकात असल्याचे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. सदोष जनुक माता व पिता दोघांकडून आल्यासच हा विकार होतो; म्हणून केवळ मातेला दोष देण्याची रूढी निराधार ठरते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात के. ई. एम. रुग्णालयाचा उत्कृष्टता केंद्रांत समावेश झाला. तथापि या विकारावर अद्याप मूलगामी उपचार नाही. अशा वेळी अचूक निदान व पुढील गर्भारपणापूर्वीचे जनुकीय समुपदेशन हाच कुटुंबाचा खरा आधार होय.