हजेरीपट ते भौगोलिक छायाचित्र : रोजगार हमीच्या कामांवरील उपस्थिती-नोंदीचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : वाशिम जिल्हा)

प्रस्तावना :
मजुरी देण्यापूर्वी मजूर कामावर हजर होता काय, हे निश्चित करणे हा सार्वजनिक कामांच्या प्रशासनातील जुना प्रश्न होय. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आलेल्या वाशिम जिल्ह्याची शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. २०१८ मध्ये त्याची गणना देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाली. अशा जिल्ह्यात हजेरीची नोंद हा केवळ कार्यालयीन विषय राहत नाही. तिच्यावर मजुराची चूल अवलंबून असते.

हजेरीपटाचा कालखंड :
१९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला राज्यात व्यापक रूप आले. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या वेळी वाशिम, मंगरूळपीर, रिसोड हा भाग अकोला जिल्ह्यात होता. या योजनेत मजुरी मुख्यतः कामाच्या मोजमापावर ठरत असे. त्यामुळे कोण आले हे हजेरीपट सांगे, तर किती काम झाले हे मोजमाप पुस्तिका सांगे. या दोन नोंदी परस्परांची पडताळणी करीत. तथापि, दोन्ही नोंदी मजुराच्या हाती नव्हत्या. खोटी नावे, कोऱ्या हजेरीपटावरील अंगठे हे दोष त्यातूनच निर्माण झाले.

या दोषावर पहिला प्रभावी उपाय यंत्राने नव्हे, तर लोकांनी शोधला. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्यांत हजेरीपटांचे जाहीर वाचन केले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातील सामाजिक अंकेक्षणामागे हा अनुभव होता.

स्थानाधारित हजेरी :
मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय मोबाईल देखरेख प्रणाली सुरू केली. कामाच्या ठिकाणी दिवसातून दोनदा मजुरांचे वेळ व अक्षांश-रेखांशासह छायाचित्र घेण्याची पद्धत तीत होती. १६ मे २०२२ पासून २० किंवा अधिक मजुरांच्या कामांवर, तर १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर ती सक्तीची झाली. काम लवकर आटोपले तरी मजुरांना दुसऱ्या छायाचित्रासाठी थांबावे लागे. भ्रमणध्वनीचे जाळे नसल्यास केलेल्या कामाची हजेरीही धोक्यात येई. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्लीत मजुरांनी याविरुद्ध धरणे धरले. जुलै २०२५ मध्ये तर केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच असंबद्ध छायाचित्रे, छायाचित्राचेच छायाचित्र घेणे असे गैरप्रकार नोंदवून ग्रामपंचायत स्तरापासून प्रत्यक्ष पडताळणीचे आदेश दिले. म्हणजेच यंत्रावर पुन्हा माणसाची नजर आवश्यक ठरली.

निष्कर्ष :
अक्षांश-रेखांश जागा सिद्ध करतात. घाम सिद्ध करीत नाहीत. जुन्या पद्धतीतील मोजमापाची जोड आणि जाहीर वाचनाची परंपरा यांशिवाय छायाचित्र हा नवा कोरा हजेरीपटच ठरण्याचा संभव आहे. शिवाय, जुन्या हजेरीपटातील त्रुटीचा भार शासनाच्या तिजोरीवर पडे; नव्या पद्धतीतील त्रुटीचा भार मजुराच्या मजुरीवर पडतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १२५ दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा नवा कायदा संमत केला असून त्यातही तंत्रज्ञानाधिष्ठित देखरेखीवर भर आहे. त्याची अंमलबजावणी करताना हजेरीची नोंद गावात, मजुरांसमोर वाचली जाणे, हाच या इतिहासाचा बोध होय.