प्राणहानी व आजन्म अपंगत्व : भरपाईचे दावे (भारत)

दुसऱ्याच्या हयगयीमुळे माणूस दगावला, किंवा जगला पण कायमचा परावलंबी झाला, तर त्याच्या कुटुंबाने अथवा त्याने स्वतः पैशाच्या रूपात भरपाई मिळवण्यासाठी केलेला दिवाणी स्वरूपाचा दावा. दोषी चालकाला शिक्षा व्हावी यासाठीचा फौजदारी खटला वेगळा चालतो. दोन्हींचा उगम एकाच फिर्यादीत आणि पंचनाम्यात असला, तरी एकाचा निकाल दुसऱ्याला बांधत नाही. चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप पडत नाही, कारण फौजदारीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, तर इथे घटना तशी घडली असण्याचा संभव अधिक आहे एवढे दाखवले तरी पुरते. भारतात असे सर्वाधिक दावे रस्त्यावरील अपघातांतून येतात, म्हणून या नोंदीचा मुख्य भर मोटार अपघातांवर आहे.

माणूस मेला की त्याचा वैयक्तिक दावाही मरतो, असे इंग्लंडचा जुना कायदा मानत असे. १८०८ सालच्या एका खटल्यात नवरा-बायको प्रवास करत असलेली घोडागाडी उलटली आणि महिनाभराने बायको वारली. नवऱ्याला त्याच्या स्वतःच्या दुखापतीबद्दल आणि पत्नी जिवंत असेपर्यंतच्या त्या एका महिन्यात तिची सोबत अंतरली याबद्दल १०० पौंड मिळाले, पुढच्या आयुष्याबद्दल काही नाही. मृत्यू हे दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगे नुकसानच नव्हे, असे न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी ठरवले. थोडक्यात, माणसाला जखमी करून सोडण्यापेक्षा ठार मारणे प्रतिवादीला स्वस्त पडे. रेल्वे आल्यावर हा विक्षिप्त न्याय टिकेना आणि १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने तिथे कायदा झाला. त्याच धर्तीवर भारतात १८५५ चा प्राणघातक अपघात अधिनियम आला. मृताची पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुले यांच्यासाठी त्याने दाव्याचा दरवाजा उघडला, भावंडांना मात्र बाहेर ठेवले. मृत्यूपासून दोन वर्षांत दावा लावण्याची त्याची मुदत आणि दिवाणी न्यायालयाची संथ वाट यांमुळे तो आज क्वचितच वापरला जातो.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन खास न्यायाधिकरणांची सोय झाली आणि १९८८ च्या कायद्याने ती पुढे चालू ठेवली. अपघात जिथे झाला, दावेदार जिथे राहतो किंवा प्रतिवादी जिथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्यामुळे गुजरातच्या महामार्गावर माणूस गमावलेल्या रत्नागिरीच्या कुटुंबाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. दावा कायदेशीर प्रतिनिधींना करता येत असल्याने १८५५ च्या कायद्याने वगळलेला भाऊही त्यात येतो. गुजरात राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या १९८७ मधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले.

'जिवाची किंमत' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत सर्रास येतो, पण तो चुकीचा आहे. कायदा जिवाची किंमत काढतच नाही. त्या माणसाच्या मिळकतीतून घरच्यांपर्यंत जे पोहोचत होते ते किती आणि आणखी किती वर्षे पोहोचले असते, एवढेच तो मोजतो. त्यासाठीची गुणक पद्धत मूळची ब्रिटिश असून सर्वोच्च न्यायालयाने तिला दिल्ली परिवहन महामंडळाच्या २००९ मधील खटल्यात ठरीव कोष्टकाचे रूप दिले. १५ ते २५ वयासाठी १८, मग पन्नाशीपर्यंत दर पाच वर्षांनी एक कमी, पुढे दर पाच वर्षांनी दोन कमी आणि ६६ ते ७० वयाला ५ असा हा गुणक उतरत जातो. मृताने स्वतःवर केला असता तो खर्च वजा होतो. अविवाहित असेल तर निम्मा, अवलंबित दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, त्याहून जास्त असतील तर एक पंचमांश. २०१७ मध्ये नॅशनल इन्शुरन्स कंपनीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भविष्यातील मिळकतवाढीचे प्रमाणही बांधून दिले. कायम नोकरीत असलेल्यासाठी वयानुसार ५०, ३० किंवा १५ टक्के, स्वतःचा व्यवसाय किंवा ठरावीक पगार असलेल्यासाठी ४०, २५ किंवा १० टक्के.

समजा, मिरजेचा ३४ वर्षांचा रिक्षाचालक महिन्याला १८,००० रुपये कमावत होता आणि मागे बायको, दोन मुले व आई आहेत. भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून मासिक २५,२०० आणि वार्षिक ३,०२,४०० रुपये होतात. चार अवलंबित म्हणून चौथा हिस्सा वजा करता २,२६,८०० उरतात. गुणक १६, म्हणून भरपाई ३६,२८,८०० रुपये. सहवास अंतरल्याचे ४०,०००, अंत्यविधीचे १५,००० आणि संपदाहानीचे १५,००० हे घटनापीठाने ठरवलेले आकडे यात वेगळे मिळवायचे. ते दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात. सहवासाचा हक्क फक्त जोडीदाराचा नव्हे, आईवडील गमावलेल्या मुलांचा आणि मूल गमावलेल्या आईवडिलांचाही आहे, असे २०१८ मध्ये ठरले.

या गणिताचा पाया मिळकत हा असल्याने ज्यांची मिळकत कागदावर नाही त्यांच्यापाशी ते अडते. पैकी पहिली गृहिणी. १९९४ मध्ये कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीने कमावत्या पतीच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग तिचे उत्पन्न मानला. म्हणजे तेच रांधणे-धुणे, तीच म्हाताऱ्या सासूची सेवा, पण नवरा कारकून की संचालक यावर तिचे मोल ठरणार! जमशेदपूरच्या कारखान्यातील मार्च १९८९ च्या आगीत गेलेल्या स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये घरकामाचे मोल स्वतंत्रपणे मोजले, आणि तेव्हा ते महिन्याला ३,००० रुपये धरले. जानेवारी २०२१ च्या निकालात केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार आला. घरातील बिनमोल कामाला स्त्रिया दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७. गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरणे ही मेहेरबानी नसून तिच्या श्रमाची दखल आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. तरीही हा आकडा किती धरायचा याला कोष्टक नाही. मुलांची गत याहून वाईट होती. त्याच अनुसूचीत न कमावणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपये लिहिले होते आणि महागाई कुठल्या कुठे गेली तरी ते वर्षानुवर्षे तसेच राहिले. दहा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ३०,००० धरले.

माणूस वाचला पण आयुष्यभरासाठी खाटेला खिळला, तर हिशेब मृत्यूपेक्षा मोठा होतो. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटते, पण तर्क सरळ आहे. तो जिवंत आहे, त्याला खायला लागणार, म्हणून स्वतःवरच्या खर्चाची वजावट नाही. वरच्याच रिक्षाचालकाची कमावण्याची क्षमता पूर्ण गेली असती, तर केवळ मिळकतीपोटी ४८,३८,४०० रुपये झाले असते. उपचार, पुढील शस्त्रक्रिया, कृत्रिम अवयव, सोबतीचा माणूस, वेदना आणि हरवलेले जगण्याचे सुख या बाबी आणखी वेगळ्या. दाव्याचा खरा कस लागतो तो अपंगत्वाच्या टक्केवारीवर. प्रमाणपत्रावर डॉक्टर लिहितात ती शरीराची टक्केवारी, न्यायाधिकरणाने शोधायची असते ती कमाईची. २०११ च्या एका निकालातील उदाहरण वकील आजही देतात : डावा हात गेला तर अपंगत्व ६० टक्के असेल, पण चालकाचे किंवा सुताराचे नुकसान जवळजवळ १०० टक्के आहे, आणि सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित जाणारही नाही. म्हणून नुसते प्रमाणपत्र दाखल करून भागत नाही, डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागते आणि जखमी माणूस आधी नेमके काय काम करत होता याचा पुरावा आणावा लागतो. लहान दाव्यांत नेमके हेच राहून जाते. २०२० मध्ये, अपघाताच्या वेळी बारा वर्षांची असलेल्या आणि मेंदूच्या इजेमुळे पूर्ण परावलंबी झालेल्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सोबतीच्या माणसांच्या खर्चालाही गुणक लावला. दोन मदतनीस, महिन्याला १०,००० रुपये, गुणक १८ : या एका बाबीचे २१,६०,००० रुपये झाले.

पैसे बहुधा वाहनाची विमा कंपनी भरते, कारण तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. कंपनीचे ठरलेले बचाव दोन. एक, चालकाकडे योग्य परवाना नव्हता. अशा वेळी कंपनीने दावेदाराला आधी द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, असा आदेश अनेकदा होतो. दुसरा, मृताचीही चूक होती. ती सिद्ध झाली तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. म्हणून 'हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव' हे फिर्यादीतले साचेबद्ध शब्द आणि घटनास्थळ पंचनाम्यातील चाकांच्या खुणांचा नकाशा पुढे लाखोंचे ठरतात.

दोष सिद्ध न करता मिळणारी ठोक रक्कम १९८२ मध्ये प्रथम आली, तेव्हा ती मृत्यूसाठी १५,००० होती. २०१९ च्या दुरुस्तीची संबंधित कलमे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्यावर ती मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख झाली. ठोकर मारून पळालेले वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून अनुक्रमे २ लाख आणि ५०,००० मिळतात. ठोक रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो, ही मेख घाईत सही करणाऱ्याच्या ध्यानात येतेच असे नाही. याच दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही परत आणली. ती १९९४ मध्ये काढून टाकली होती. रुग्णालयात पडलेल्या माणसाला सहा महिने फार थोडे आहेत. एक जुना अन्याय मात्र दुरुस्त झाला : जखमी दावेदार पुढे अन्य कारणाने वारला, तरी त्याचा दावा आता वारसांकडे जातो.

रेल्वेचे दावे १९८७ च्या कायद्याने स्थापलेल्या रेल्वे दावा न्यायाधिकरणात चालतात. महाराष्ट्रात त्याची खंडपीठे मुंबई आणि नागपूर येथे आहेत. लोकलच्या दारातून पडून गेलेल्या प्रवाशाच्या बाबतीत रेल्वेचा दोष दाखवावा लागत नाही. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा असे मोजके अपवाद सोडता २०१७ पासून मृत्यूला ८ लाख रुपये मिळतात. वाद होतो तो तिकिटावर. रुळांवरच्या मृतदेहाच्या खिशात पास सापडला नाही, तर प्रवासी होता कशावरून? नुसते तिकीट न सापडणे पुरेसे नाही, नातेवाइकांच्या प्रतिज्ञापत्राने प्राथमिक भार उतरतो, असे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. कामावरील मृत्यूसाठी १९२३ चा कायदा झाला, वैद्यकीय हयगयीसाठी ग्राहक आयोगांची वाट रूढ झाली. भोपाळ दुर्घटनेची १९८९ ची ४७ कोटी डॉलरची एकत्रित तडजोड हा स्वतंत्र नोंदीचा विषय आहे.

निकाल लागला म्हणजे सगळी रक्कम लगेच हातात पडते असे नाही. पैसे नातेवाइकांनी किंवा मध्यस्थांनी लाटू नयेत म्हणून न्यायाधिकरण प्रत्येक वारसाचा वाटा ठरवते. अज्ञान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगते आणि विधवेला दरमहा व्याज मिळेल अशी सोय करते. तिने पुढे पुनर्विवाह केला म्हणून तिचा हक्क जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विमा कंपनीचा आक्षेप फेटाळताना म्हटले.